शोनेन म्हणजे नक्की कुणासाठी? (अ‍ॅनिमे-मांगा बघणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठीही)

सई_ठाणे

लेक सातवीत आहे. नाताळच्या सुट्टीत मावसभावंडांकडे राहून आली ती अ‍ॅनिमेचं (जपानी कार्टून मालिकांचं) वेड घेऊनच. माझी हरकत नाही, आम्हीसुद्धा शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून टीव्हीपुढेच बसायचो. घरात नियम एकच, की नवीन मालिका लावायच्या आधी मला सांगायचं. ती सांगतेही. "आई, शोनेन आहे." म्हणजे काय गं? "म्हणजे मुलांसाठीचं." बरं, म्हटलं, बघ. थोड्या वेळाने कणीक मळता मळता डोकावले, तर पडद्यावर एक अजस्र नागडा राक्षस हसत हसत एका बाईला तोंडात टाकतोय आणि तिचा मुलगा लांबून ते बघतोय. "शोनेनच आहे," लेक म्हणाली. नेटवर पाहिलं, तिथेही तेच लिहिलेलं.

त्यानंतर तिने मांजराच्या पिल्लाची एक गोष्ट मागितली. इतकी गोड की पहिलीतल्या मुलाला द्यावी. ती म्हणे "सेइनेन", म्हणजे मोठ्या पुरुषांसाठी!

तर जाणकारांनो, हे शब्द वयाचे आहेत, कथेच्या प्रकाराचे आहेत की आणखी कशाचे? आईबापांनी त्यांच्यावर किती विसंबायचं? तिच्या वहीच्या मागच्या पानावर शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ, इसेकाई, फिलर, कॅनन अशी यादीच आहे. मला पहिल्या शब्दालाच अडायला झालंय.

कांदेपोहे

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हीच परिस्थिती आहे, फक्त मुलगा आठवीत.

गनिमी

काकू, सोपं आहे. शोनेन म्हणजे अ‍ॅक्शन. हिरो आधी कमजोर असतो, मित्र मिळतात, सराव करतो, मोठमोठे शत्रू हरवतो. शोजो म्हणजे लव्ह स्टोरी. सेइनेन म्हणजे डार्क. इसेकाई म्हणजे ट्रकखाली येऊन मेला आणि जादूच्या जगात जन्माला आला. झालं.

राक्षसवाली बंद नका करू प्लीज, पुढे काय होतं ते

खवचट_काका

सांगू नकोस रे! माझा दुसरा सीझन चालू आहे.

निशीकासाई

सईताई, गनिमी सांगतोय तसं बरेच जण समजतात, पण मुळात हा शब्द कथेचा नाहीच, तो मासिकाचा आहे.

जपानात बहुतेक मांगा (चित्रकथा) आधी मासिकात हप्त्याहप्त्याने येते, मग त्या हप्त्यांचं पुस्तक निघतं आणि खपलं तर अ‍ॅनिमे होतो. मासिक ज्या गिऱ्हाइकासाठी काढलेलं असतं, त्या गिऱ्हाइकाचं नाव आतल्या सगळ्या गोष्टींना चिकटतं. कोदान्शा प्रकाशनाचं 'शोनेन मॅगझिन' आणि शोगाकुकानचं 'शोनेन संडे' १९५९ पासून, शुएइशाचं 'शोनेन जंप' १९६८ पासून, ही शाळकरी मुलग्यांची म्हणून निघाली. 'नाकायोशी', 'रिबोन' ही लहान मुलींची, म्हणजे शोजो. 'मॉर्निंग', 'आफ्टरनून', 'बिग कॉमिक' ही नोकरदार माणसांची. तुमचा राक्षस ('अटॅक ऑन टायटन'मधला) 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन'मधून यायचा, म्हणून तो शोनेन. मांजराचं पिल्लू म्हणजे बहुधा 'चीज स्वीट होम'. ते २००४ पासून 'मॉर्निंग'मध्ये यायचं, ऑफिसला जाणारे लोक गाडीत वाचतात ते. म्हणून पिल्लू सेइनेन.

इथे टोक्योत सोमवारी सकाळी कोंबिनीच्या (चोवीस तास उघडं असणारं कोपऱ्यावरचं दुकान) दाराशीच जंपचा गठ्ठा दिसतो. अंक पाचशे पानांच्या आसपास, कागद वर्तमानपत्राहूनही खरखरीत, आणि त्यातही काही पानं फिकट गुलाबी, काही हिरवट, काही पिवळट. वाचून झाला की कुणी जपून ठेवत नाही. रद्दीच्या वारी सुतळीने बांधून इमारतीखाली ठेवतात. जपून ठेवायचं ते पुस्तक, त्याला तांकोबोन म्हणतात.

अंकात एक पोस्टकार्ड असतं. आवडलेल्या तीन गोष्टींवर खूण करून पाठवायचं. (आता ते ऑनलाइनही होतं.) नव्या मालिकेला मतं पडली नाहीत तर तीन-चार महिन्यांत गाशा गुंडाळतात, लेखक कितीही मोठा असो. १९९४ च्या अखेरीस जंपची एका अंकाची छपाई ६५ लाख ३० हजारांवर गेली होती. तो आकडा पुन्हा कुणी गाठला नाही. एवढ्या अंकांचे वाचक सगळे बारा वर्षांचे मुलगे असणं शक्यच नव्हतं. मोठे पुरुष वाचायचे, बायका वाचायच्या, आणि ती पोस्टकार्डं तेही पाठवायचे. त्यामुळे पाटी मुलांची राहिली आणि आतला मजकूर सगळ्यांच्या मतांवर ठरत गेला.

कांदेपोहे

म्हणजे एखादी कथा 'किशोर'मध्ये छापून आली तर मुलांची आणि 'आवाज'च्या दिवाळी अंकात आली तर चावट, कथेत काही का असेना. आत्ता कळलं.

निशीकासाई

अगदी तेच.

गनिमी

पण निशी दादा, आज जगात कुणीही शोनेन म्हणतो तेव्हा त्याला मासिक आठवत नाही. जंपचं स्वतःचं ब्रीदच आहे ना, मैत्री, कष्ट, विजय. मग तो प्रकारच झाला की. लोक वापरतात तोच अर्थ.

एन_चार_नापास

गनिमी, मग 'डेथ नोट'चं काय करशील? २००३ ते २००६, जंपमध्येच. हिरो वहीत नावं लिहून माणसं मारतो. मैत्री कुठे आहे? कष्ट म्हणजे बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटात टीव्ही लपवणं? आणि विजयाबद्दल न बोललेलंच बरं.

आणखी एक. 'विनलँड सागा' २००५ मध्ये 'शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू झाली. लेखकाला दर आठवड्याचा वेग झेपेना म्हणून त्याच वर्षी मासिक 'आफ्टरनून'मध्ये गेली. म्हणजे एका अंकापर्यंत शोनेन, पुढच्यापासून सेइनेन. मधल्या काळात त्या व्हायकिंगांमध्ये काय फरक पडला? त्यांच्या कुऱ्हाडी तशाच होत्या.

गनिमी

हा पॉइंट आहे. तरी.

खवचट_काका

सईताई, राक्षसाला का घाबरता? अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं वरणभात चिवडत जे बघत मोठी झाली, तो आपला शिनचॅन मुळात बाप्यांच्या 'मांगा अ‍ॅक्शन' साप्ताहिकातला आहे, १९९० पासूनचा. म्हणजे निशीभाऊंच्या हिशोबाने शुद्ध सेइनेन. २००८ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने बंदी घातली तेव्हा आमच्या घरी सुतक होतं. वर्षभराने कापून-छाटून परत आला, पण तोवर आमच्या चिरंजिवांनी आईला नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. ती सवय अजून गेलेली नाही. चिरंजीव आता बँकेत आहेत.

डोरेमॉन मात्र खरोखर मुलांचा. १९६९ च्या डिसेंबरात शोगाकुकानच्या इयत्तावार निघणाऱ्या मासिकांमध्ये एकाच वेळी सुरू झाला. पहिलीच्या मुलासाठी वेगळा भाग, चौथीच्या मुलासाठी वेगळा. लेखक बिचारा दर महिन्याला तेवढे वेगवेगळे भाग काढायचा.

बोरिवली_लोकल

काका खिक्क!

मला एक सांगा, मांगा घेता कुठून? एका फूटपाथवरून मी एका गाजलेल्या मालिकेचा संच घेतला. घासाघीस करून निम्म्याहून कमी भावात, खूश. घरी येऊन उघडलं तर करड्या छटांच्या जागी नुसते काळे डाग. मांगात करडा रंग नसतोच, बारीक काळ्या ठिपक्यांची चिकटपट्टी लावून तो भास करतात, स्क्रीनटोन म्हणतात त्याला. स्कॅन करून पुन्हा छापलं की ते ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहऱ्यावर चट्टे उठल्यासारखे दिसतात. दोन पानांच्या मधल्या घडीत संवाद गिळलेले. एका पुस्तकात तर मधला भाग दुसऱ्याच मालिकेचा शिवलेला.

गनिमी

विकत कशाला घेता, नेटवर सगळं फुकट आहे.

एन_चार_नापास

फुकटच हवंय तर सरळ मार्गाने घे की. शुएइशाचं मांगा प्लस २०१९ पासून आहे, भारतातही चालतं. मालिकेचे पहिले तीन आणि ताजे तीन भाग फुकट, आणि ताजा भाग जपानात येतो त्याच वेळी इंग्रजीत येतो. मधल्यांसाठी पैसे मोज नाहीतर वाचनालयात विचार. चोरून भाषांतर करणाऱ्या मंडळींमुळेच आपल्या पिढीला मांगा कळली हे मान्य, तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. आता आहे.

गनिमी

मधले भाग वाचायलाच तर जातो ना.

फ्रेमफ्रेम

उशिरा येतोय, कामाच्या डेडलाइन. मी मुंबईत टूडी अ‍ॅनिमेशन करतो, त्यामुळे यादीतला 'फिलर' माझ्याकडे.

मांगाचा साप्ताहिक हप्ता साधारण १९ पानांचा. अ‍ॅनिमेचा एक भाग चोवीस मिनिटांचा, त्यातले दीड-दीड मिनिट सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्यात जातात. उरलेल्या वेळात आरामात दोन हप्ते बसतात. म्हणजे लेखक आठवड्याला एक पायरी चढतोय आणि अ‍ॅनिमे दोन. कितीही मागून निघाला तरी एक दिवस तो लेखकाला गाठणारच. गाठलं की काय करायचं? प्रसारणाची वेळ घेऊन ठेवलेली, प्रायोजक बसलेले, थांबता येत नाही. मग मूळ मांगात नसलेल्या गोष्टी रचायच्या, ते फिलर. मूळ मांगातलं ते कॅनन. 'नारुतो'च्या पहिल्या २२० भागांतले शेवटचे ऐंशीहून जास्त भाग जवळजवळ सलग फिलर आहेत. दुसरा उपाय म्हणजे पाणी घालणं. पळतोय, पळतोय, समोरच्याचा चेहरा, पुन्हा पळतोय. 'वन पीस'वाल्यांना विचारा.

आता बऱ्याच मालिका बारा-तेरा भागांच्या तुकड्यात येतात. तिमाहीच्या त्या तुकड्याला कूर म्हणतात, आणि जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत नव्यांची पंगत बसते. मांगा पुढे गेली की पुढचा तुकडा. त्यामुळे फिलर घटले. वाट बघणं वाढलं.

चित्रांबद्दल थोडं. सेकंदाला चोवीस फ्रेम, पण म्हणून चोवीस चित्रं काढत नाहीत. एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवलं की सेकंदाला आठ पुरतात. १९६३ मध्ये मांगाकार तेझुका ओसामूंनी 'अ‍ॅटम' (इंग्रजीत 'अ‍ॅस्ट्रो बॉय') टीव्हीवर आणला तेव्हा दर आठवड्याला एक भाग पुरवायचा तर हाच मार्ग होता. त्यावर तोंड तेवढं हलवायचं, चित्रांची बँक करून तीच चित्रं पुन्हा वापरायची. पैसे प्रसारणातून सुटत नव्हते, ते माल विकून मिळवायचे. प्रायोजक चॉकलेट कंपनी होती आणि चॉकलेटबरोबर अ‍ॅटमची चिकटचित्रं द्यायची. धंद्याची ती घडी आजही मोडलेली नाही. आता प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले असे मिळून निर्मिती समिती करतात, जोखीम वाटून घेतात आणि नफाही. चित्रं काढणारा स्टुडिओ बऱ्याचदा त्या समितीत नसतोच, त्याला ठरलेली मजुरी. मधली चित्रं भरणाऱ्या नवख्या पोरांना तर चित्रामागे पैसे मिळतात, आणि ते फार थोडे. पडद्यावरची एक मारामारी बघून आपण टाळ्या वाजवतो तेव्हा ती कुणाच्या तरी मनगटातून निघालेली असते, एवढं लक्षात ठेवा.

अवांतर: २०१२ च्या शेवटी कलर्सवर 'सूरज, द रायझिंग स्टार' आलेली कुणाला आठवतेय? १९६६ सालच्या 'क्योजिन नो होशी' या बेसबॉलच्या मांगाची भारतीय आवृत्ती. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोक्योच्या जागी मुंबईची वस्ती. मूळ गोष्टीतला बाप पोराच्या अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवून सराव करून घेतो. जपानात त्या काळी ते बापाचं प्रेम मानलं गेलं.

खवचट_काका

आमच्या वडिलांना स्प्रिंगांचा खर्च परवडत नव्हता. हातानेच भागवायचे.

मंगला_५८

मी इथली ज्येष्ठ नागरिक असावे. निवृत्तीनंतर सुनेने चिकटवलेला नाद. मी हिंदी डब बघत नाही, जपानी आवाज आणि इंग्रजी अक्षरं. वाचायला त्रास होतो, चष्मा नाकावर घसरतो, पण आवाजासाठी सहन करते.

वरती जोसेइबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. जोसेइ म्हणजे मोठ्या बायकांच्या मासिकातलं. 'शोवा गेनरोकू राकुगो शिंजू' ही मी पाहिलेली. राकुगो म्हणजे एकट्या माणसाने उशीवर गुडघे टेकून बसायचं, हातात पंखा आणि एक रुमाल, आणि तेवढ्यावर दहा-दहा पात्रं उभी करायची. उठायचं नाही. पंखा कधी काडी होतो, त्याने शेवया खायच्या. कधी दारूचा पेला. मालिकेत सबंध राकुगो ऐकवतात, मिनिटंच्या मिनिटं, आणि गंमत अशी की त्यातल्या नायकाला तरुणपणापासून थेट म्हातारपणापर्यंत एकाच नटाने, इशिदा अकिरांनी, आवाज दिलाय. तरुणपणी कापरा, पडेल, प्रेक्षकांना घाबरणारा. पुढे त्याच आवाजाला धार येते. म्हातारपणी त्यात खाकरा मिसळतो, वाक्याच्या शेवटी श्वास कमी पडतो. हे डबमध्ये कसं आणणार?

कोण कुठल्या मासिकात आलं यापेक्षा, ही गोष्ट एका बाईने बायकांसाठी काढली आणि तिच्यात नायिकेपेक्षा दोन पुरुषांच्या हेव्यादाव्याला जास्त जागा दिली, हे मला नवलाचं वाटलं.

गनिमी

काकू रिस्पेक्ट. पण डबला नावं ठेवू नका. माझी आजी नारुतो बघते हिंदीत. तिला इंग्रजी येत नाही, तिने काय करायचं? शिनचॅन हिंदीत होता म्हणून तर आपण सगळे इथे आहोत.

बोरिवली_लोकल

+१. डब वाईट नसतो, वाईट डब वाईट असतो. आणि आपल्या आधीची पिढी १९९३ च्या सुमारास दर रविवारी मोगली बघतच होती. तो जपानी होता हे किती जणांना माहीत होतं? गुलजारांचं शीर्षकगीत ऐकून तो जपानी वाटणार तरी कसा!

मंगला_५८

आजीचं मान्य. आजींना माझा नमस्कार सांग.

कांदेपोहे

जपानी-भारतीय म्हणावं तर युगो साको आणि राम मोहन यांचं रामायण. जानेवारी २०२५ मध्ये नव्या प्रतीत थेटरात लागलं तेव्हा मुलाला घेऊन गेलो. लंकेतल्या लढाईला त्याने विचारलं, "बाबा, हा शोनेन ना?" मी म्हटलं, गप बस, पाया पड.

निशीकासाई

शब्दांवरून आठवलं. गनिमी, इथे आलास तर ओळख करून देताना "मी ओताकू" (अ‍ॅनिमे-मांगाचा कट्टर शौकीन) असं छाती काढून म्हणू नकोस. निदान ऑफिसात नको. आपल्याकडे तो कौतुकाचा झालाय, इथे १९८९ मधल्या एका भयंकर गुन्ह्याच्या प्रकरणात आरोपीच्या खोलीतल्या व्हिडिओ कॅसेटींचे ढीग टीव्हीवर दाखवले गेले आणि सगळ्या शौकिनांवरच संशय आला. आता पुष्कळ निवळलंय, तरुण मुलं हसत म्हणतात, पण आमच्या साहेबांच्या वयाची माणसं अजून चपापतात.

खरा ओताकू बघायचा तर 'कोमिकेत' नावाच्या मेळ्यात. ऑगस्ट आणि डिसेंबर, टोक्यो बिग साइट. लोक स्वतः काढलेली, स्वतः छापून घेतलेली पुस्तकं विकतात, दोजिन्शी. बरीचशी गाजलेल्या पात्रांना घेऊन परस्पर रचलेली. कायद्याने बघायला गेलं तर अडचणीचं, पण प्रकाशक सहसा काणाडोळा करतात, कारण उद्याचे लेखक तिथेच तयार होतात. ऑगस्टात तिथे इतका घाम असतो की छताखाली ढग जमल्याच्या कथा सांगतात. मी रांगेत उभा राहिलोय, छत काही दिसलं नाही, पुढच्याची टोपी दिसत होती.

आणि मुलींच्या आयांसाठी एक गोष्ट. हा मेळा २१ डिसेंबर १९७५ ला सुरू झाला तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती, त्यांत बहुसंख्य शाळा-कॉलेजातल्या मुली. शोजो मांगा वाचणाऱ्या. हागिओ मोतो, ताकेमिया केइको या तेव्हा विशी-पंचविशीतल्या लेखिका मुलींच्या मासिकात अंतराळ, मृत्यू, घरातले छळ असले विषय आणत होत्या, आणि त्यांच्यावर तासन्‌तास बोलायला मुलींना जागा हवी होती. शोजो म्हणजे लव्ह स्टोरी म्हणणाऱ्याने त्या वाचाव्यात. (गनिमी, हलके घे.)

दूधगंगा

मी कागलचा. घरी बारा म्हशी. धागा लई दिवस वाचतोय, आज लिहितो.

सईताई, लेकीला 'सिल्व्हर स्पून' दाखवा. ह्यो बी शोनेनच, 'शोनेन संडे'तला. पण राक्षस न्हाई, मारामारी न्हाई. शहरातला हुशार पोरगा अभ्यासाला कंटाळून जपानच्या उत्तरेला होक्काइदोतल्या शेतकी शाळेत जातो. पहाटे उठायचं, शेण काढायचं, गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा. लेखिका आराकावा हिरोमू स्वतः होक्काइदोतल्या दूधवाल्याची पोरगी, तिनं वडिलांच्या गोठ्यात काम केलंय. ते बघताना कळतं बघा. पुस्तकात वाचून काढणारा माणूस म्हैस कशी उभी ऱ्हाती त्ये चुकतो. हिच्या गाई बरोबर उभ्या ऱ्हात्यात.

त्यात एक डुकराचं अशक्त पिल्लू असतं. पोरगा त्याला जीव लावतो, बाकीची म्हणत्यात नाव ठेवू नको, मग जड जाईल. तर ह्यो नाव ठेवतो 'बुतादोन'. म्हणजे डुकराच्या मटणाचा भात. पुढं ते कत्तलखान्यात जातं आणि पोरगा स्वतःच्या पैशानं त्याचं सगळं मटण विकत घेतो. रडतो आणि खातो. आमच्या घरी आम्ही माळकरी, पण ते बघून दोन दिवस मी गोठ्यात गप होतो. दूध संघात आलेला नवा डॉक्टर पोरगा आहे, त्याला बी दाखवलं.

एन_चार_नापास

दूधगंगा, एकच नंबर. हीच बाई 'फुलमेटल अल्केमिस्ट'वाली. शोनेन मासिकांत बायका लिहितात, ताकाहाशी रुमिको तर १९७८ पासून लिहितायत.

आणि शोनेनचा एक फायदा कुणी सांगितला नाही. मुलांच्या मासिकात प्रत्येक कांजीच्या (चिनी चित्राक्षराच्या) बाजूला बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो, फुरिगाना. मोठ्यांच्या मासिकात तो क्वचितच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी सेइनेन घेऊन शब्दकोशात बुडालो नसतो. शोनेन, सेइनेन हा फरक डोळ्यांना दिसतो तो इथेच. बाकी सगळा विक्री खात्याचा.

खवचट_काका

आयडीतलं 'नापास' कधी निघणार?

एन_चार_नापास

जुलैत जपानी भाषेची एन-चार परीक्षा पुन्हा आहे, बघू.

कांदेपोहे

पण सईताईंचा प्रश्न राहिलाच ना. लेबलावर विसंबायचं नाही, मग कशावर?

बोरिवली_लोकल

खरं पुस्तक घ्यायचा हाही फायदा. विझ या अमेरिकेतल्या प्रकाशकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर वयाचा शिक्का असतो. 'ए' म्हणजे सगळ्यांना, 'टी' म्हणजे तेराच्या पुढे, 'टी प्लस' म्हणजे सोळाच्या पुढे, 'एम' म्हणजे अठरा. तो अमेरिकेतल्या आयांना डोळ्यांसमोर ठेवून लावलेला असतो, पण उपयोगी पडतो. एकाच जंपमधून आलेल्या दोन पुस्तकांवर वेगवेगळे शिक्के दिसतात, तेव्हा वरचा सगळा वाद आपोआप मिटतो.

निशीकासाई

स्ट्रीमिंगवर आपल्याकडे २०२१ च्या नियमांपासून यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असं दिसायला हवं, भाग सुरू होताना कोपऱ्यात येतं ते. जपानात सिनेमाला वेगळी समिती आहे. 'डीमन स्लेयर'चा २०२० मधला रेल्वेवाला सिनेमा तिथे पीजी-१२ होता, म्हणजे बाराच्या आतल्यांना पालकांच्या सल्ल्याने. आणि तो जपानातला सगळ्यात जास्त कमाईचा सिनेमा ठरला, म्हणजे सल्ला बहुतेकांनी "चला" असाच दिला.

शिवाय आता मासिकाचीही सीमा पुसट होतेय. 'स्पाय फॅमिली' कागदावरच्या जंपमध्ये नाही, २०१४ पासून चालणाऱ्या जंप प्लस या अ‍ॅपवर येते. अ‍ॅपला वय कुठलं?

सई_ठाणे

सगळ्यांचे आभार. धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात लेकीबरोबर बसून शिक्के तपासले. राक्षस सोळाच्या वरचा निघाला, तो थांबवलाय. दीड दिवस अबोला. त्यावर तोड म्हणून 'सिल्व्हर स्पून'चे काही भाग एकत्र बघितले. गाय विते तो प्रसंग आला तेव्हा मी तिच्याकडे बघत होते, तिने नजर हलवली नाही. मी हलवली. बुतादोनचा शेवट अजून यायचाय, दूधगंगा, तुम्ही आधीच सांगितलंत म्हणून मी तयारीत आहे, तिला काही बोलले नाहीये. आम्ही ठाण्यातले मासेखाऊ, त्यामुळे मटण सोडायची पाळी माझ्यावर येईल, तिच्यावर नाही.

नियम बदललाय. आता "शोनेन आहे" चालणार नाही. शिक्का काय आणि गोष्ट कशाची आहे, ते दोन वाक्यांत सांगायचं. काल तिने एकीबद्दल सांगितलं, "एका मुलाला ट्रक उडवतो आणि..." मी म्हटलं कळलं, इसेकाई.

गनिमी

काकू शिकल्या!

बाकी मी तर अजूनही शोनेनला प्रकारच म्हणणार. दुकानात, अ‍ॅपवर, सगळीकडे तसंच शोधता येतं.

एन_चार_नापास

डेथ नोट.

गनिमी

तो अपवाद.

एन_चार_नापास

चीज स्वीट होम, शिनचॅन, विनलँड सागा, सिल्व्हर स्पून. किती अपवाद हवेत?

खवचट_काका

भांडा रे, भांडा. मी तोवर तिसरा सीझन लावतो. कुणी शेवट लिहिला तर आयडी शोधून घरी येईन.

मंगला_५८

दूधगंगा, ते 'सिल्व्हर स्पून' इंग्रजी अक्षरांसकट कुठे मिळतं? सुनेला विचारलं तर म्हणाली, आई, आधी राकुगोचा दुसरा भाग संपवा.